वर्षावास, पाऊस आणि घरातली मुले : काय वाचावे, कसे वाचावे

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि गावोगावच्या बुद्धविहारांत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर लिखित 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आधी त्रिसरण-पंचशील, मग एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असे अश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. कोल्हापूर शहराला लागून असलेल्या कळंब्यात आणि आसपासच्या वस्त्यांत कामाच्या निमित्ताने आमचे नेहमी जाणे-येणे असते. तिथे दरवर्षी एक गोष्ट डोळ्यांत भरते. ऐकायला बसलेल्यांत आजी-आजोबा असतात, उपासिका असतात, दोन-चार तरुण असतात. मुले मात्र मागच्या भिंतीला टेकून चुळबुळ करीत असतात, नाहीतर "गप बसा, न्हाईतर भाईर जावा" हे ऐकून खरोखरच बाहेर गेलेली असतात.

गंमत अशी की हेच तीन महिने मुले घरात अडकून पडण्याचे असतात. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे कोल्हापूरच्या तिसरीतल्या मुलालाही पाठ असते. कळंबा तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडू लागते, पाऊस थांबायचे नाव घेत नाही आणि शाळांना सुट्टी जाहीर होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने जिल्ह्यातली घरेच्या घरे अडवून ठेवली. या दोन्हींच्या मध्ये २०२० ची टाळेबंदी आली. विहारांना कुलूप लागले, १४ एप्रिलची जयंती घरातल्या घरात झाली आणि त्या वर्षीचा वर्षावासही घरातच गेला. त्या काळात अनेक घरांत ग्रंथ पहिल्यांदा कपाटावरून खाली आला, त्याचे कापड सुटले आणि घरातल्याच कुणीतरी तो मोठ्याने वाचला. पुढे विहार उघडले आणि ग्रंथ पुन्हा कापडात जाऊन वर बसला.

तो खालीच राहावा, मुलांच्या हाताला लागावा, आणि त्याच्या जोडीला घरात आणखी चार पुस्तके यावीत, यासाठी काय करता येईल ते इथे लिहितो आहोत. आमच्या डोळ्यांसमोर आहेत ती दोन खोल्यांची घरे. वडील गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर, आई शहरात घरकामाला, घरात एकच स्मार्टफोन आणि त्यावर तिघांचा डोळा. वेगळी अभ्यासाची खोली, महागडी चित्रमय पुस्तके, असे काही गृहीत धरून बोलण्यात अर्थ नाही.

थांबण्याची गोष्ट

मुलांना आधी वर्षावास म्हणजे काय हेच गोष्टीसारखे सांगावे. विनयपिटकातल्या महावग्गात त्याचे कारण दिले आहे. सुरुवातीला भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. लोक कुरकुर करू लागले की हे श्रमण हिरवे गवत तुडवतात, लहान जीवजंतू पायाखाली मारतात, पाखरेसुद्धा पावसात घरटे करून थांबतात आणि हे थांबत नाहीत. लोकांची ही तक्रार ऐकून तथागतांनी भिक्खूंना पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. म्हणजे वर्षावास हा चमत्कारातून आलेला विधी नाही. शेत आणि जीव वाचवण्यासाठी लोकांनी केलेली तक्रार मान्य झाली, त्यातून तो आला. शेतकऱ्याच्या नातवंडाला हे लगेच कळते. भात लावलेल्या वाफ्यात कुणी पाय टाकला की आजोबा काय करतात, हे त्याने पाहिलेले असते.

या थांबण्यात भिक्खू काय करीत? अध्ययन, चर्चा, ध्यान. आपणही पावसाने घरात बसलो आहोत, तर तेच करू, एवढे सांगितले तरी मुलाला त्यात सामील झाल्यासारखे वाटते.

ग्रंथ मुलांना कसा वाचून दाखवावा

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला झाले आणि हा ग्रंथ इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे आठ खंड आहेत. अनेक पालक आम्हाला म्हणतात, "ताई, एवढा जाड ग्रंथ पोरांना कसा झेपायचा?" ग्रंथ उघडून पाहिला तर यातली निम्मी भीती जाते. बाबासाहेबांनी तो लहान लहान, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत लिहिला आहे. काही परिच्छेद तर एका वाक्याचे आहेत. पाचवीतल्या मुलीने आठ-दहा क्रमांक वाचायचे, मग भावाने पुढचे आठ-दहा, असे सहज जमते. मोठ्याने वाचण्यासाठीच जणू ही मांडणी झाली आहे, असे आम्हाला नेहमी वाटते.

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जायचा आग्रह मात्र मुलांच्या बाबतीत सोडावा. तिसरा आणि चौथा खंड धम्माच्या विवेचनाचा आहे, तो मोठ्यांसाठी राहू द्या. पहिल्या खंडात सिद्धार्थाचे बालपण आहे, तिथून सुरुवात करावी. देवदत्ताने बाण मारलेला पक्षी कोणाचा, मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, या प्रसंगावर घरात दोन पक्ष पाडून अर्धा तास वाद घालता येतो. शेतात राबणारे मजूर पाहून सिद्धार्थाला पडणारा प्रश्न आहे : कष्ट एकाने करायचे आणि फळ दुसऱ्याने खायचे, हे बरोबर कसे? एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाणाऱ्या बापाच्या मुलाला या प्रश्नावर बोलायला बरेच असते. त्याला बोलू द्यावे.

सर्वांत जास्त वेळ रोहिणी नदीच्या प्रसंगाला द्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. मुलांनी शाळेत किंवा टीव्हीवर ऐकलेले असते की सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले आणि तो घर सोडून गेला. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच यावर बोट ठेवले आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे पटण्यासारखे नाही. मग त्यांनी दुसरे कारण मांडले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून भांडण होते. सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सदस्य झाला होता. तो अठ्ठावीस वर्षांचा असताना भांडण पेटले आणि संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत त्याच्या विरुद्ध गेले, आणि कुटुंबाला शिक्षा होऊ नये म्हणून त्याने स्वतः परिव्रज्या स्वीकारली.

पाण्याचे भांडण! कोल्हापूरच्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. अलमट्टीतून पाणी सोडले का, कर्नाटक काय म्हणतोय, आपल्याकडे पाणी तुंबणार का, हे तो दर पावसाळ्यात घरात, चहाच्या टपरीवर आणि बातम्यांत ऐकत असतो. एका घरात हा भाग चालू असताना सहावीतल्या मुलाने विचारले, "मग सिद्धार्थनं सरळ सांगायचं न्हाई व्हय, पाणी वाटून घ्या म्हणून?" आजी म्हणाली, "सांगितलंच की रं. पण ऐकतंय कोण?" तिथून गप्पा बहुमत म्हणजे काय, बहुमत चुकू शकते का, चुकीच्या बहुमतात एकट्याने काय करावे, इथवर गेल्या. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला धडा इतक्या लांब जात नाही.

वाचन थांबवून मुलाने प्रश्न विचारला की काही ज्येष्ठांना तो ग्रंथाचा अवमान वाटतो. तसे त्यांनी आम्हाला बोलूनही दाखवले आहे. त्यांच्या भावनेचा आदर ठेवून आम्ही त्यांना कालामांची आठवण देतो. केसमुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या. जो शास्ता स्वतःचे म्हणणेसुद्धा पारखून घ्यायला सांगतो, त्याच्या धम्माचे वाचन नातवाच्या प्रश्नाने कसे बाटेल?

दुसऱ्या खंडात उपाली न्हावी, सुनीत भंगी, प्रकृती, अंगुलीमाल यांचे प्रसंग आहेत. एका बैठकीला एकच घ्यावा. भूक लागलेली असताना वाचू नये आणि मालिकेच्या वेळेशी झुंज घेऊ नये, त्यात ग्रंथ हरतो. रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे पुरेत.

सती : आपलाच शब्द

अलीकडे माइंडफुलनेस हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. कंपन्यांत त्याची शिबिरे होतात, मोबाईलवर त्याची अ‍ॅप आहेत, मोठ्या शहरांतल्या शाळा त्यासाठी प्रशिक्षक नेमतात. हा शब्द पाली 'सति'साठी वापरलेला इंग्रजी शब्द आहे. आर्य अष्टांगिक मार्गातल्या सम्मा सतीचे भाषांतर करताना टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये तो योजला. पुढे १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांचा ताण कमी करण्यासाठी त्यावर आधारित कार्यक्रम सुरू केला आणि तिथून तो जगभर गेला. आपल्याच घरातली वस्तू परदेशी वेष्टनात, फी भरून परत घ्यावी लागते आहे, असे कधीकधी वाटते. असो. चांगली गोष्ट कुठूनही आली तरी घ्यावी.

सती म्हणजे आता जे चालले आहे त्याचे भान. ते लहान मुलांना शिकवता येते का? तथागतांनी स्वतःच्या मुलाला शिकवले होते. मज्झिम निकायात राहुलाला केलेले उपदेश आहेत. त्यांतला अम्बलट्ठिका येथला उपदेश घरात करून दाखवण्यासारखा आहे. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून तथागत राहुलाला म्हणतात की जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज नाही त्याचे श्रमणपण एवढेसेच. मग ते पाणी ओतून टाकतात, भांडे पालथे करतात, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवतात. पुढे विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे : यातून मला किंवा दुसऱ्याला त्रास होणार आहे का?

तांब्या घ्या, थोडे पाणी घ्या आणि हे मुलांसमोर करा. एक शब्दही समजावून सांगावा लागत नाही. एका घरात चौथीतली मुलगी आजीला म्हणाली, "म्हणजे राहुल खोटं बोलला हुता व्हय?" सुत्तात तसे स्पष्ट म्हटलेले नाही. पण एवढ्या थोर बापाचा मुलगाही आपल्यासारखाच असू शकतो, हे तिच्या लक्षात आले होते. खोटे बोलणाऱ्या मुलाला थोबाडीत मारण्याऐवजी तांब्यातले पाणी दाखवणारा बाप, ही गोष्ट वडिलांनीही नीट वाचावी. आमच्या कामात मुलांना होणारी मारहाण जितकी पाहायला मिळते, त्यावरून हे मुद्दाम लिहितो.

राहुलाला केलेल्या दुसऱ्या उपदेशात आनापानसती येते, म्हणजे आत येणाऱ्या-बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणे. इगतपुरीची विपश्यना परंपरा मुलांसाठी आनापानाची शिबिरे घेते. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातल्या आळते इथे धम्मालय हे विपश्यना केंद्र आहे. राज्याच्या शाळांतही 'मित्र उपक्रम' या नावाने आनापान शिकवले गेले. घरी शिकवायचे तर पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. सहा वर्षांच्या मुलाला डोळे मिटून वीस मिनिटे बसवणे म्हणजे शिक्षाच.

व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान्ह यांचे मुलांसाठी 'अ हँडफुल ऑफ क्वाएट' नावाचे इंग्रजी पुस्तक आहे. त्यातला खड्यांचा खेळ आम्ही अनेक घरांत करून पाहिला आहे. चार गुळगुळीत खडे घ्यायचे. पहिला फूल, दुसरा डोंगर, तिसरा स्थिर पाणी, चौथा मोकळे आकाश. एकेक खडा तळहातावर ठेवून तीन-तीन श्वास : मी फुलासारखा ताजा आहे, डोंगरासारखा पक्का आहे, शांत पाण्यासारखा आहे, मोकळा आहे. कळंब्याच्या मुलांना पाणी आणि डोंगर कल्पनेने आणावे लागत नाहीत, एक तलाव आहे आणि मागे कात्यायनीचे डोंगर. खडेही तिथलेच. एकाने पाचवा खडा आणला आणि म्हणाला, हा पाऊस. चालतंय की.

लहानग्यांसाठी आणखी सोपे म्हणजे एक भाजका शेंगदाणा. तो आधी बघायचा, साल चोळायची, वास घ्यायचा, मग तोंडात टाकून गिळण्याआधी जेवढा वेळ चावता येईल तेवढा चावायचा. मुले हसून लोळतात. हसू द्यावे. सतीला हसण्याचे वावडे नाही.

जातककथा, पण जरा सावधपणे

पाली जातकांत ५४७ कथा आहेत. दुर्गा भागवतांनी त्या 'सिद्धार्थ जातक' या नावाने सात खंडांत मराठीत आणल्या. घरासाठी सगळे खंड घेणे परवडणार नाही, पण ग्रंथालयात मिळू शकतात आणि मुलांसाठी सुटसुटीत निवडक जातकांची छोटी पुस्तकेही असतात.

इथे एक सावधगिरी हवी. जातके बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या कथा म्हणून सांगितल्या जातात. बाबासाहेबांनी आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो ही कल्पना नाकारली आहे. तेव्हा मुलांना, "ही फार जुनी गोष्ट आहे, लोकांना शहाणपण सांगण्यासाठी रचलेली," असे सांगावे. बुद्ध मागच्या जन्मी खरोखर माकड होते असे सांगितले की मुले तेवढेच लक्षात ठेवतात. काही धम्मबांधवांना जातके अजिबात नकोत असे वाटते. आम्हाला ते टोकाचे वाटते. सांची आणि भारहुतच्या शिल्पांत, अजिंठ्याच्या चित्रांत ज्या कथा कोरल्या आणि रंगवल्या गेल्या, त्या मुलांपासून लपवून आपण काय मिळवणार?

पावसाळ्यासाठी आमची आवडती कथा सशाची. झाडाखाली झोपलेल्या सशाजवळ ताडाच्या पानावर बेलफळ पडते. आवाज ऐकून ससा पळतो, पृथ्वी फुटली म्हणून. त्याच्यामागे इतर ससे, मग हरणे, रानडुकरे, सगळे जंगल पळत सुटते. शेवटी सिंह त्यांना अडवतो आणि एकेकाला विचारतो : तू स्वतः पाहिलेस का? कोणीच पाहिलेले नसते. मग सिंह सशाला घेऊन त्या झाडाखाली जातो आणि बेलफळ दाखवतो. महापुराच्या दिवसांत मोबाईलवर धरणांविषयी काय काय फिरत असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ही कथा वेगळी समजावून सांगायला नको. आता आमच्या ओळखीच्या एका घरात व्हॉट्सअ‍ॅपवर काही आले की धाकटी विचारते, "बेलफळ हाय का बघा आधी." दोन हजार वर्षांपूर्वीची कथा अशी कामाला येते.

जाळे घेऊन एकदम उडणाऱ्या आणि नंतर आपसांत भांडून पकडल्या जाणाऱ्या लाव्ह्यांची कथाही घ्यावी. आपल्या संघटनांच्या बैठकांत ती मोठ्यांनाही वाचून दाखवायला हरकत नाही.

आपल्याच वाटेवरची पुस्तके

आठवीच्या पुढच्या मुलांना उपदेश नको असतो, खरी माणसे हवी असतात. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात १९०१ सालचा एक प्रवास आहे. भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला कोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी आलेले नव्हते, आणि जात कळल्यावर कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन बैलगाडी त्यांनी स्वतः हाकायची, असे ठरले. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. कोल्हापूरहून पुण्याला जाणारी गाडी आजही मसूर स्टेशनावरून जाते. आम्ही मुलांना सांगतो, पुढच्या वेळी जाल तेव्हा खिडकीतून ती पाटी बघा. नऊ-दहा वर्षांचा भीमराव तिथे उभा होता. हा मजकूर शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या बाराव्या इंग्रजी खंडात आहे. 'द बुद्धा अँड हिज धम्मा' हा अकरावा खंड. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांनी हे मूळातूनच वाचावे, बाबासाहेबांचे इंग्रजी साधे आणि सरळ आहे.

मुक्ता साळवे फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, सुमारे चौदा वर्षांची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. काही पानांचाच आहे. नववीतल्या मुलीला तो वाचायला देऊन, "तुझ्या वयाच्या मुलीने लिहिलाय," एवढेच म्हणावे आणि बाजूला व्हावे.

पुस्तक कोवळ्या वयात हाती पडले की काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. आणि गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींच्या मनात बुद्धाची ओढ निर्माण झाली ती 'बालबोध' या मुलांच्या मासिकातला लेख वाचून. पुढे ते पालीचे मोठे पंडित झाले आणि त्यांनी मराठीत 'भगवान बुद्ध' लिहिले. एक भेट दिलेले पुस्तक, एक मुलांचे मासिक. वाढदिवसाला केक आणतो त्याच्या जोडीला पन्नास-शंभर रुपयांचे पुस्तक आणावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

पण सगळेच धम्माचे आणि चळवळीचे असू नये. मूल फक्त मजेसाठी वाचते तेव्हा त्याला वाचनाची सवय लागते. विंदा करंदीकरांच्या बालकविता, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' (मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला, त्यामुळे स्वस्त) ही पुस्तके घरात असावीत. तोत्तोचान तर पालकांनी आधी वाचावे. शाळेतून काढून टाकलेल्या एका चुळबुळ्या मुलीला एक मुख्याध्यापक तासन् तास नुसते ऐकून घेतात, हे वाचल्यावर मागच्या भिंतीला टेकलेली आपली मुले वेगळी दिसू लागतात.

एक खंत मात्र आहे. मराठीतल्या गाजलेल्या बालसाहित्यातले घर, त्यातले सण, त्यातली आडनावे वस्तीतल्या मुलांना आपली वाटत नाहीत. आपल्या वस्तीतली, आपल्या भाषेत बोलणारी, निळ्या झेंड्याखाली खेळणारी मुले नायक असलेली पुस्तके आमच्या पाहण्यात फार थोडी आली. हैदराबादच्या अन्वेषी संस्थेने 'डिफरंट टेल्स' या मालिकेत दलित आणि मुस्लिम घरांतल्या मुलांच्या कथा काढल्या, तसे काही मराठीत जोमाने व्हायला हवे. आपल्यातल्या लिहित्या शिक्षकांनी हे मनावर घ्यावे.

पुस्तके कुठून आणायची

पैशांची अडचण खरी आहे, पण वाटा आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा फुकट आहेत. लहान मुलांना आईच्या मोबाईलवर चित्र मोठे करून दाखवत वाचता येतात, निदान तेवढा वेळ रील्स बंद. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभे आहे. ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला, तिथल्या मुलाला पुस्तक मिळत नाही असे होऊ नये. चार-पाच घरांनी मिळून एक पेटी करावी. प्रत्येकाने दोन पुस्तके घालायची आणि दर पौर्णिमेला पेटी पुढच्या घरी. त्याला समिती, अध्यक्ष, उद्घाटन काही लागत नाही. आम्ही तर म्हणतो, यातले काहीही करूच नका, पेटी लवकर बंद पडते.

आणि एक पुस्तक घरातच लिहिता येते. ज्या आजीला वाचता येत नाही ती या सगळ्यातून बाहेर राहते, असे पुष्कळांना वाटते. खरे तर तिच्याकडे सर्वांत जास्त माल असतो. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायलेल्या बायका महाराष्ट्रात गावोगाव होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी अशा हजारो ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या अनेक भीमरायावरच्या आहेत. आपल्या आजीला कुठली येते ते विचारावे. शंभर पानी वही घ्यावी, पावसाची दुपार घ्यावी, आजीने बोलावे आणि नातवंडांनी तिच्या शब्दांत, तिच्या बोलीत, एकही शब्द शुद्ध न करता उतरवून घ्यावे. १९५६ नंतर घरातले देव कोणी आणि कुठे सोडले, पहिल्यांदा शाळेत घरातले कोण गेले, पाणी कुठून आणायचे, पहिली जयंती कशी झाली. कळंब्यात एका घरात अशी वही मागच्या वर्षावासात सुरू झाली. आता तिची सत्तर पाने भरली आहेत आणि आजी म्हणते, अजून लग्नापर्यंतसुद्धा पोचलो नाही.